रात्री दीडची पाळी : क्लस्टर डोकेदुखी, शुगर, बीपी आणि आता स्टेंट

खतावणी (इंदूर)

मार्च आला की सियागंजात प्रत्येक हिशेबनिसाचं डोकं दुखतं, त्यामुळे माझं दुखतं यात कुणाला काही विशेष वाटत नाही. मी गेली सव्वीस वर्षं इथल्या एका किराणा पेढीचे हिशेब बघतो. वय ५३. २००९ पासून क्लस्टर डोकेदुखी, २०१४ पासून शुगर, २०१६ पासून बीपी आणि मागच्या दिवाळीनंतर हृदयात एक स्टेंट. यादी लांबलचक दिसते, पण रोज कामावर जातो, जीएसटीचे रिटर्न वेळेत भरतो. सहानुभूती नको, माहिती हवी आहे, म्हणून हा धागा.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. ही अर्धशिशी नव्हे. अर्धशिशीवाला अंधाऱ्या खोलीत पडून राहतो, हललं की त्याचं वाढतं. यात पडून राहणं जमतच नाही. मी साडेअकराला झोपतो आणि दीडच्या सुमाराला उजवा डोळा मला उठवतो. आधी उजवी नाकपुडी बंद. मग त्याच डोळ्यातून पाणी. मग चार-पाच मिनिटांत कुणीतरी आतून अंगठा लावून बुबुळ बाहेर ढकलायला लागतं. मी स्वयंपाकघरापासून बाहेरच्या ओटल्यापर्यंत फेऱ्या मारतो, जाताना सोळा पावलं, येताना सोळा. मधे फ्रीजच्या दाराला कपाळ टेकवतो. पापणी अर्धी खाली येते, कपाळाच्या उजव्या बाजूलाच घाम. पाऊण तास, कधी सव्वा तास. मग जसं आलं तसं निघून जातं आणि मी चहा करून पितो, कारण परत झोपलो तर साडेचारची गाडी यायची भीती.

हे महाशिवरात्रीच्या आसपास सुरू होतं आणि गुढीपाडव्याच्या आगेमागे थांबतं. मग दोन-अडीच वर्षं काही नाही. अगदी काही म्हणजे काही नाही.

हे आपोआप थांबणं हीच खरी मेख आहे. २००९ ला पहिल्यांदा आलं तेव्हा सायनस म्हणून दीड महिना वाफारे घेतले. मग दातांच्या डॉक्टरांनी वरची दाढ काढली, आणि आठव्या दिवशी दुखणं बंद! दोन वर्षं मी लोकांना सांगत फिरलो की दाढ होती हो. २०११ ला परत आलं, तेव्हा दाढ एक कमी आणि दुखणं तेवढंच. त्या वर्षी चष्म्याचा नंबर बदलला आणि थांबलं. २०१३ ला खजराण्याच्या गणपतीला नवस बोललो आणि थांबलं. २०१६ ला आत्याने पाडव्याला कडुनिंबाची चटणी वाटीभर खायला लावली, थांबलं. आत्या अजून ते श्रेय सोडत नाही. शेवटी २०१८ ला एका न्यूरॉलॉजिस्टने पाच मिनिटं ऐकून घेतलं आणि नाव सांगितलं. नऊ वर्षं.

हिशेबाच्या भाषेत सांगतो. फायदा ज्याच्या त्याच्या खात्यात जमा होतो, तोटा मात्र दर वेळी शुगरच्या नाहीतर बीपीच्या खात्यात पडतो. २०१८ ला दुखणं दाबायला स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या. सकाळची उपाशीपोटी शुगर ११८, म्हणून मी निवांत. संध्याकाळी सहज तपासली तर ३४०. सकाळी घेतलेल्या प्रेडनिसोलोनने दुपारनंतरची शुगर चढते हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. २०२१ ला क्लस्टर रोखायला व्हेरापामिल सुरू झालं. बीपीसाठी मेटोप्रोलोल दुसऱ्या दवाखान्यातून चालूच होतं. सहाव्या दिवशी पेढीचा जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी, नाडी ४२. दोन्ही औषधं हृदयाचा ठोका मंद करतात आणि दोघा डॉक्टरांना एकमेकांचा कागद दिसला नव्हता. चूक अर्धी माझीही. मी दोन फायली वेगळ्या ठेवत होतो, वर लेबलं लावून, रंगीत.

यंदाची अडचण अशी. स्टेंटमुळे झटका मोडणारं सुमाट्रिप्टानचं इंजेक्शन बंद, कारण ते रक्तवाहिन्या आकसवतं. मेटोप्रोलोल परत सुरू, म्हणून व्हेरापामिल नको. शुगरमुळे स्टेरॉइड नको. टोपिरामेट मागच्या खेपेला घेऊन झालं. त्याने शब्द आणि आकडे निसटतात. मार्चमध्ये सात अधिक आठ कॅल्क्युलेटरवर करणारा हिशेबनीस कोण ठेवेल?

तर विचारायचं आहे : क्लस्टरबरोबर असे दोन-तीन भाडेकरू अंगात असलेलं इथे कुणी आहे का? काय करता? आणि घरी ऑक्सिजन ठेवलाय का कुणी?

---

पोहेजलेबी

बाप रे. वाचूनच उजवा डोळा दुखायला लागला. वाचतोय.

---

मधुमालती

आमच्या सासरी आधासिसीवर एक रामबाण उपाय आहे. सूर्य उगवायच्या आधी गरम दुधात जलेबी भिजवून खायची, तीन दिवस, कुणाशी न बोलता. माझ्या दिरांचं कायमचं गेलं. करून बघा, नुकसान तर काही नाही.

---

खतावणी

मधुमालतीताई, तुमच्या दिरांचं गेलं याचा आनंद आहे. पण मी मधुमेही आहे हो. पहाटे चारला दूध-जलेबी खाल्ली तर डोकं जाईल की नाही ते माहीत नाही, मी नक्की जाईन. तसं इंदूरकराला जलेबी औषध म्हणून मिळावी आणि ती घेता येऊ नये, यापेक्षा मोठी शिक्षा नाही.

---

मधुमालती

अगं बाई, शुगरचं विसरलेच. मग गायीचं तूप नाकात सोडा.

---

गोळीपुडी (दवाबाजार)

मी औषधांच्या धंद्यात तीस वर्षं आहे, डॉक्टर नाही, हे आधी सांगून ठेवतो. पण तुम्ही लिहिलंय तसे कागद रोज काउंटरवर येतात. एका खिशात एका डॉक्टरची चिठ्ठी, दुसऱ्या खिशात दुसऱ्याची.

व्हेरापामिल आणि बीटा ब्लॉकर (मेटोप्रोलोल, ॲटेनोलोल वगैरे) ही जोडी खरोखर धोक्याची. व्हेरापामिल एकटं असलं तरी क्लस्टरमध्ये त्याचा डोस बीपीच्या डोसपेक्षा बराच वर जातो, म्हणून दर वाढीला ईसीजी काढायचा असतो. कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांचं रक्तातलं प्रमाणही ते वाढवतं, सिमव्हास्टॅटिनचं विशेष. त्यात छातीच्या इन्फेक्शनसाठी कुणी क्लॅरिथ्रोमायसिन लिहिलं की बीपी धाडकन खाली. शिवाय बद्धकोष्ठता. इसबगोल न्यायला येणारा माणूस व्हेरापामिलवाला निघाला, असं माझ्याकडे दोनदा झालंय.

आता ऑक्सिजन. तुमच्यासाठी हाच खरा रस्ता वाटतो, कारण तो शुगरला, बीपीला, स्टेंटला कशालाच आड येत नाही. २००९ साली लंडनच्या डॉक्टरांचा अभ्यास छापून आला होता. मिनिटाला १२ लिटरने शुद्ध ऑक्सिजन दिला तेव्हा १५ मिनिटांत ७८ टक्के वेळा आराम पडला, नुसती हवा दिली तेव्हा २० टक्के वेळा. पण लोक तीन ठिकाणी चुकतात.

कोविडमध्ये घेतलेलं ५ लिटरचं कॉन्सन्ट्रेटर काढतात. त्याने भागत नाही, प्रवाहच पुरत नाही. सिलिंडरच लागतो.

नाकातल्या नळीने घेतात. तेही नाही. मागे पिशवी लटकलेला नॉन-रीब्रीदर मास्क हवा, चेहऱ्याला घट्ट, आणि फ्लोमीटर १५ लिटरपर्यंत जाणारा.

तिसरं म्हणजे दुखणं पुरतं चढल्यावर लावतात. नाकपुडी बंद झाली की लगेच लावायचा, बसून, थोडं पुढे वाकून, १५ ते २० मिनिटं.

मधला बी टाइप सिलिंडर साधारण १५०० लिटरचा. १२ लिटरने १५ मिनिटं म्हणजे १८० लिटर. एका सिलिंडरात आठ वेळा होतं. हिशेब तुम्हालाच जास्त कळतो. डॉक्टरांची चिठ्ठी घ्या आणि मेडिकल ऑक्सिजनच घ्या, वेल्डिंगवाल्याकडचा नको.

---

खतावणी

गोळीपुडी, फार आभार. ऑक्सिजनचं मला २०१८ लाच सांगितलं होतं, मी टाळत आलो. २०२१ ला घ्यायचं ठरवलं तेव्हा एप्रिल उजाडला होता. त्या वर्षी माझंही पाडव्यानंतर लांबलं. तुम्हाला आठवत असेल तो एप्रिल. लोक रात्र-रात्र सिलिंडर घेऊन रांगेत उभे होते. आमच्या गल्लीतले दोघं गेले. त्यात मी कुठल्या तोंडाने सांगू, की मला डोकं दुखतं म्हणून ऑक्सिजन द्या? तेव्हापासून त्या काळ्या-पांढऱ्या नळकांड्याकडे बघवत नाही. २०२३ च्या खेपेला इंजेक्शनवर निभावलं. यंदा तोही मार्ग बंद झाला.

---

सुरसागर (बडोदा)

तुमची कहाणी वाचली आणि वाटलं, आमच्या यांचीच कुणी लिहिली. हे ६१ वर्षांचे, क्लस्टर वीस वर्षं, सोबत अंजायना (हृदयामुळे छातीत दुखणं). एक गोष्ट सांगते, कदाचित तुमच्या उपयोगी पडेल. छातीत दाटलं की जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवायला सांगितलंय. डोकेदुखीची पाळी चालू असताना ती गोळी घेतली की तासाभरात हमखास डोळा! आम्हाला वाटायचं काळजीने होतं. मग न्यूरॉलॉजिस्टनी सांगितलं की नायट्रेट (सॉर्बिट्रेट त्यातलंच) हे क्लस्टरचं ओळखीचं कारण आहे, प्रयोगात मुद्दाम हल्ला आणायचा तर हेच देतात. पण म्हणून छातीत दुखताना गोळी टाळायची नाही हं! हे नीट वाचा. छाती आधी. आम्ही फक्त हृदयाच्या डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी रोजची जी लांब पल्ल्याची नायट्रेटची गोळी होती तिचा पर्याय शोधला. तुमच्या गोळ्यांत असं काही आहे का बघा.

आणि दारू. हे सांगायला नको, पण सांगते. पाळीच्या दिवसांत एक घोटही नाही. एरवी घेतली तर काही होत नाही, हे या दुखण्याचं आणखी एक आगाऊपण.

---

खतावणी

सुरसागरताई, फाइल काढून बघितली. डिस्चार्जच्या कागदावर नायट्रेट आहे! फक्त "लागल्यास" म्हणून. अजून एकदाही लागलं नाही. डॉक्टरांना विचारतो.

दारूचं म्हणाल तर मी घेत नाही. पण रंगपंचमीच्या गेरमध्ये, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीत, रजवाड्यावर एकदा कुणीतरी ठंडाईतून भांग पाजली होती, त्या रात्री तीनदा. भांगेचा दोष की जागरणाचा, की रंगाच्या वासाचा, माहीत नाही. तेव्हापासून गेर गच्चीवरून बघतो.

---

कैरी (सुदामानगर)

नमस्कार. मी बाई आहे आणि मला क्लस्टर आहे. हे असं सुरुवातीलाच सांगावं लागतं, कारण चौघा डॉक्टरांनी "हा पुरुषांचा आजार" म्हणून मला मायग्रेनवर ठेवलं. पुरुषांत जास्त आढळतो हे खरं, पण जास्त म्हणजे फक्त असं नाही ना.

माझा प्रकार तुमच्याहून वाईट, जुनाट. वर्षात सलग तीन महिने सुद्धा मोकळे जात नाहीत. तुमच्यासारखं पाडव्याला सुटका वगैरे लाड नाहीत. सोबत दमा आणि थायरॉइड.

मायग्रेन समजून मला प्रोप्रानोलोल दिलं होतं. मी दमेकरी आहे हे केसपेपरवर लिहिलेलं होतं. तिसऱ्या रात्री छातीत शिट्ट्या वाजायला लागल्या, पंप संपत आला तरी श्वास बसेना. बीटा ब्लॉकर दम्यात चालत नाही हे मी नंतर वाचलं, माझ्या आधी ज्यांनी वाचायला हवं होतं त्यांनी नाही.

आता लिथियमवर आहे. मला मानवलं, पण त्याचे नखरे ऐका. दर काही महिन्यांनी रक्तातली पातळी, किडनी आणि टीएसएच (थायरॉइडची तपासणी). माझं थायरॉइड आधीच मंद, लिथियमने आणखी मंद केलं, गोळी ५० ची ७५ झाली. आणि एकदा गुडघा दुखतो म्हणून आठवडाभर आयबुप्रोफेन घेतलं, तर हात असा थरथरायला लागला की पोह्यांची बशी धरवेना. त्या वेदनाशामकाने लिथियम अंगात साठतं. बीपीच्या काही गोळ्यांनीही साठतं, तुम्ही कुठली घेता?

---

खतावणी

टेल्मिसार्टन.

---

कैरी

मग तुम्हाला लिथियम सुचवलं तर आधी हेच विचारा. त्या जातीच्या गोळ्यांनी पातळी वाढते.

---

तटस्थ

राग मानू नका, पण हे सगळं स्ट्रेसचं असावं असं वाटतं. मार्च एंडिंगलाच कसं येतं? योगासनं, प्राणायाम, मोबाइल कमी. माझं डोकं पण फार दुखायचं.

---

नाचणी

तटस्थ, मार्च एंडिंग कैरीताईंना बारा महिने असतं का मग?

घड्याळाचं कारण डोक्यातच आहे. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा भाग असतो, झोप-जाग, ऋतू, हार्मोन यांचं वेळापत्रक तोच सांभाळतो. १९९८ साली क्लस्टरचा झटका चालू असताना लोकांच्या मेंदूची छायाचित्रं घेतली तेव्हा नेमका तोच भाग पेटलेला दिसला. म्हणून रात्री ठरल्या वेळी, वर्षात ठरल्या दिवसांत. हजारात साधारण एकाला होतं. म्हणजे इंदूरसारख्या शहरात हजारो माणसं रात्री दीडला फेऱ्या मारत असतील किंवा मारून गेली असतील, आणि त्यातल्या बऱ्याच जणांची दाढ काढलेली असेल.

खतावणी, दुपारी झोपता का? पाळीच्या दिवसांत डुलकीनेही येतं कित्येकांना. आणि घोरत असाल तर झोपेत श्वास अडकतो का ते तपासून घ्या. क्लस्टरवाल्यांत ते बऱ्यापैकी सापडतं, आणि शुगर-बीपी-हृदय या तिघांसाठीही ते वाईटच.

---

खतावणी

घोरण्याबद्दल घरून दुजोरा मिळाला, जरा जास्तच उत्साहाने. वामकुक्षी रविवारची होती, ती बंद केली.

---

लष्करवाला (ग्वाल्हेर)

धागा बरोबर वेळी सापडला. माझ्या आईला, वय ६७, कालपासून असंच होतंय. डावा डोळा लाल, डोळा आणि कपाळ प्रचंड दुखतंय, दोनदा उलटी झाली. दिव्याकडे बघितलं की भोवती रंगीत कडं दिसतं म्हणते. शुगर आहेच. हे क्लस्टर असेल का? ऑक्सिजन कुठे मिळेल लष्करात?

---

गोळीपुडी (दवाबाजार)

लष्करवाला, धागा बंद करा आणि आईला आत्ता डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या. आत्ता म्हणजे उद्या सकाळी नव्हे. रंगीत कडं, उलटी, लाल डोळा म्हणजे डोळ्यातला दाब एकदम वाढलेला असू शकतो. दृष्टी जाते त्यात.

---

नाचणी

हेच लिहायला आले होते. निघा.

---

लष्करवाला (ग्वाल्हेर)

रात्रीच नेलं. काचबिंदूचा झटका निघाला. दाब उतरवायची औषधं दिली, आता लेसर करणार आहेत. उशीर झाला असता तर, असं म्हणून डॉक्टर थांबले. इथल्या सगळ्यांचे पाय धरतो.

---

नाचणी

बरं झालं. यानिमित्ताने बाकीच्यांसाठी : शुगरवाल्याची पापणी पहिल्यांदाच खाली आली, डोळा दुखतोय, एकाचे दोन दिसताहेत, तर "क्लस्टर असेल" म्हणून घरी बसू नका. शुगरने डोळ्याची नस बसू शकते, आणि मेंदूतल्या रक्तवाहिनीचा फुगाही तसाच दिसतो. खतावणींचा एमआरआय झालेला असेल, तुमचा झालेला नसतो.

---

खतावणी

झालाय, २०१८ लाच.

शुगर आणि क्लस्टरचा एक रात्रीचा घोळ सांगतो, तो कुठे लिहिलेला सापडला नाही. स्टेंटनंतर मला रात्रीचं इन्सुलिन लागलंय. परवा दोनला घामाने जाग आली. छाती धडधडतेय, हात कापताहेत. मला वाटलं आला डोळा. सवयीने फेऱ्या मारायला लागलो. सोळा पावलांतल्या अकराव्याला गुडघे वाकले. हिने ग्लुकोमीटर लावला : ५६. साखर चाटवली, पंधरा मिनिटांत माणसात आलो.

तेव्हापासून ओळख ठेवलीय. घाम फक्त उजव्या कपाळाला असेल तर डोळा, बनियन भिजलेला असेल तर शुगर. तरी उठल्याबरोबर आधी बोटाला टोचायचं, मग बाकीचं.

---

खतावणी

मी यांची बायको लिहितेय, आयडी यांचाच आहे. हे पेढीवर गेलेत.

तुम्ही सगळे औषधांबद्दल लिहिताय, मी दुसरं लिहिते. रात्री मी जागी असते, पण यांना कळू देत नाही. यांना त्या वेळी कुणी हात लावलेला, बोललेलं खपत नाही. पहिल्या वर्षी मी डोकं दाबून द्यायला गेले तर हात झिडकारला होता. मी दोन दिवस बोलले नाही. आता कळतं. आता मी उशीत तोंड घालून फेऱ्या मोजते. तिसाच्या वर गेल्या की उठून चहाचं आधण ठेवते.

२०२१ मध्ये एका रात्री हे म्हणाले की गच्चीवरून उडी मारली तर थांबेल. अगदी साध्या आवाजात, दूध संपलंय म्हणावं तसं. तेव्हापासून गच्चीची किल्ली माझ्या गळ्यातल्या साखळीत आहे. गेरच्या दिवशी मीच उघडते आणि सोबत उभी राहते. यांना हे इथे लिहिलेलं आवडणार नाही, पण ज्यांच्या घरात असं कुणी आहे त्यांनी हे बोलणं हसण्यावारी नेऊ नये. सरकारचा मानसिक आधारासाठीचा १४४१६ नंबर आहे, मी तो सगळ्यांच्या फोनमध्ये घालून ठेवलाय.

आणि सिलिंडर काल आला. पलंगाच्या पायाला साखळीने बांधलाय. याचा पाना कुठल्या बाजूला फिरवायचा ते मी शिकले, कारण हे त्या वेळी शिकण्याच्या अवस्थेत नसतात.

---

कैरी (सुदामानगर)

वहिनी, तुम्हाला नमस्कार. माझ्या घरी हे कुणी मोजत नाही.

---

सुरसागर (बडोदा)

कैरी, विपू (विचारपूस) बघ, तिथे निरोप ठेवलाय.

---

गोळीपुडी (दवाबाजार)

वहिनी, देवघर कुठे आहे? सिलिंडरच्या खोलीत निरांजन, समई, उदबत्ती काही नको. गॅसची शेगडीही लांब. आणि यांनी कपाळाला बाम किंवा चेहऱ्याला व्हॅसलिन लावलं असेल तर पुसून मग मास्क. तेलकट पदार्थ आणि ऑक्सिजन यांचं वैर आहे. घरात सीओपीडीचा, म्हणजे जुनाट धाप लागण्याचा पेशंट असेल तर त्याला "थोडा घे रे" म्हणून हा ऑक्सिजन देऊ नका, अंगात कार्बन डायऑक्साइड साठून शुद्ध हरपू शकते.

---

खतावणी

वरचं वाचलं. किल्लीचं मला ठाऊक होतं. असो.

देवघर स्वयंपाकघरात आहे, सिलिंडर मागच्या खोलीत. मी उदबत्ती बंद केली म्हणून आत्याचा फोन येऊन गेला.

पहिला अनुभव : रात्री १.४० ला नाकपुडी बंद. मास्क लावला, १२ वर. पिशवी फुगते-दबते ते बघत बसलो. पाच मिनिटं काही नाही, उलट वाटलं हेही गेलं वाया. आठव्या-नवव्या मिनिटाला अंगठ्याचा जोर कमी झाला. चौदाव्याला मी घड्याळाकडे दोन्ही डोळ्यांनी बघत होतो. सोळा वर्षांत पहिल्यांदा बसून संपलं. हिला वाटलं मी बेशुद्ध पडलो, कारण पावलांचा आवाज नव्हता.

---

पोहेजलेबी

👏👏 भिया, छप्पन दुकानला माझ्याकडून पोहे. जलेबी मी खाईन.

---

खतावणी

आठ दिवसांनी लिहितोय. अकरा झटके आले, नऊ ऑक्सिजनने पंधरा-वीस मिनिटांत गेले, दोन गेले नाहीत. त्यातल्या एका वेळी मास्क सैल होता. दुसरा सिलिंडर चालू आहे.

दोन्ही रंगीत फायली फाडल्या. एक कागद केला. डावीकडे औषध, मधे कोण देतं आणि कशासाठी, उजवीकडे "याच्यासोबत चालत नाही". न्यूरॉलॉजिस्टकडे तो ठेवला तेव्हा त्यांनी माझ्यासमोर हृदयाच्या डॉक्टरांना फोन लावला. चार मिनिटं बोलले. एवढ्या वर्षांत हे पहिल्यांदा पाहिलं. ठरलं असं की मेटोप्रोलोल राहील, व्हेरापामिल नाही. नायट्रेट कागदावरच राहील, छातीत दुखलं तर घ्यायचंच. आणि मानेच्या मागे, कवटीच्या खाली उजवीकडे नसेपाशी इंजेक्शन. स्टेंटची रक्त पातळ करणारी गोळी चालू ठेवूनच दिलं, नंतर जागा जरा जास्त वेळ दाबून धरली. त्यातही थोडं स्टेरॉइड असतं. शुगर तीन दिवस दोनशेच्या घरात गेली, पण या खेपेला आधीच माहीत होतं, म्हणून इन्सुलिन किती वाढवायचं ते विचारून ठेवलं होतं.

---

नाचणी

आणि डोकं?

---

खतावणी

इंजेक्शननंतर चौथ्या रात्रीपासून काही नाही. आज नऊ रात्री झाल्या. पाडवा मधेच होऊन गेला, आत्याने चटणी पाठवली होती, एक चमचा खाल्ली. आता हे इंजेक्शनने गेलं, ऑक्सिजनने, की त्याची जायची वेळच झाली होती? खरं सांगायचं तर मी जमा कुठल्याच खात्यात लिहिलेली नाही, सस्पेन्स खात्यात ठेवलीय. आत्याने मात्र कळवलंय की चटणीच.

सिलिंडर परत करू का, हिचा प्रश्न आहे. मी म्हणतो अक्षय्य तृतीयेपर्यंत राहू दे.

---

गोळीपुडी (दवाबाजार)

राहू द्या. भाडं फार नाही. आणि परत देताना अर्धा भरलेला असला तरी डिपॉझिट पूर्ण मागा, मास्क मात्र ठेवून घ्या, तो तुमचाच.